ठवणी, मेज आणि टॅबलेट

१/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत. दप्तर उतरवून घेणाऱ्याची अडचण जुनीच : वाचायचे ते डोळ्यांसमोर हवे, लिहायचे ते कोपराच्या उंचीवर.

२/ पूर्वजांनी त्यासाठी दोन वस्तू केल्या. पोथीला घडीची ठवणी, लेखणीला उतरते बैठे मेज.

३/ लॅपटॉपने दोन्ही एकाच बिजागरीत अडकवली. पडदा उंच केला की हात अवघडतात. कळफलक खाली ठेवला की मान झुकते.

४/ २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटला पाठीमागे टेकू आणि चुंबकाने जोडला जाणारा कळफलक आला. टेकूला कोन एकच होता. २०१४ च्या सरफेस प्रो ३ मध्ये तो १५० अंशांपर्यंत हवा तिथे थांबू लागला. मात्र कळफलक सुटला की निकामी होई.

५/ सुटा करूनही चालणारा कळफलक याच मालिकेत २०२४ मध्ये आला. म्हणजे टॅबलेट ठवणीवर, कळफलक मेजावर!

६/ मोडी कागदांचे लिप्यंतर हे वर्षानुवर्षांचे काम आहे. तरुण अभ्यासकांनो, दप्तर उघडण्यापूर्वी आपली बैठक नीट मांडा. मान थकली की दप्तरही मिटते.