वीजभाराचा निकष आणि ओली मोरी : कराड परिसरातील घरगुती विद्युतसुरक्षेचा ऐतिहासिक विचार

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या कराडचा विजेशी असलेला संबंध प्रामुख्याने कोयना प्रकल्पाच्या संदर्भात चर्चिला जातो. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ मध्ये कोयनेच्या पहिल्या टप्प्यातील वीजनिर्मिती सुरू झाली. धरण, भूकंप व पुनर्वसन यांविषयी विपुल लेखन झाले. घरात आलेल्या विजेपासून माणसाचे रक्षण कसे होत गेले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला.

प्रारंभी सारी भिस्त फ्यूज आणि अर्थिंगवर होती. खड्ड्यात मीठ व कोळशाच्या थरांत नळी पुरणे ही रूढ पद्धत. तिची मर्यादा साध्या गणितानेही स्पष्ट होते. अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्ट दाबाखाली साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील; १५ अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि उपकरणाचे धातूचे आवरण धोकादायकच राहील. नदीकाठच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत रोध कमी असतो, उन्हाळ्यात ती भेगाळली की वाढतो. पाटणकडील खडकाळ माथ्यांवर अडचण अधिकच. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुन्या जाणत्यांची सवय मुळीच अडाणीपणाची नव्हती.

फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे पाहून तफावत आढळताच पुरवठा तोडणाऱ्या साधनाने मातीवरील हे अवलंबित्व बरेच कमी केले. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ मध्ये सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीस प्रतिसाद देणारे साधन सिद्ध केले. तेथील विद्युतसंहितेने १९७५ मध्ये न्हाणीघरातील सॉकेटांना असे संरक्षण आवश्यक ठरविले. स्वयंपाकघराचा क्रम नंतर लागला. निकष जागेचा होता.

भारतात निकष वीजभाराचा राहिला. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे समाविष्ट झालेल्या ६१-अ या नियमाने गळतीरोधक साधन आवश्यक केले, परंतु ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या घरगुती दाबावरील जोडण्या वगळल्या. २०१० च्या केंद्रीय विनियमांतही प्रारंभी हीच मर्यादा होती. ओल्या मोरीपाशी बादलीत रॉड टाकून पाणी तापविणारे दोन खोल्यांचे घर अशा रीतीने नियमाबाहेर राहिले. भार लहान म्हणून धोका लहान, या गृहीतकाचे समर्थन करणे कठीण आहे; माणसाच्या जिवास अँपिअरचा अल्पसा अंशही पुरतो.

अमेरिकेत हे संरक्षण बहुधा सॉकेटमध्येच असते, भारतात ते वितरणपेटीत बसते. बाजारात त्यास आजही 'ईएलसीबी' म्हणतात; वस्तुतः ते जुन्या, अर्थिंगच्या तारेवर विसंबणाऱ्या साधनाचेही नाव. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी निवडावे. १०० वा ३०० मिलिअँपिअरची साधने मुख्यतः आगीच्या प्रतिबंधासाठी असतात. अतिभारासाठी एमसीबी वेगळे लागते. फेज व न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाल्यास आरसीसीबी वाचवीलच असे नाही. दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले तर ते विनाकारण पडते, आणि मग दोष शोधण्याऐवजी साधनच वगळून जोडणी केली जाते. चाचणीचे बटण नियमितपणे दाबून पाहण्याची सवयही विरळाच.

२००५ आणि २०१९ च्या महापुरांत नदीकाठच्या अनेक घरांत पाणी शिरले. अशा घरांत भिजलेले सॉकेट बदलून व वायरिंगच्या इन्सुलेशनची चाचणी घेऊनच पुरवठा सुरू करावा लागतो. आरसीसीबी असल्याने ही चाचणी टळत नाही.