घड्याळांची भाऊबंदकी

अमरावती आणि अकोला यांच्यात वैर असं काही नाही; पण एकानं दुसऱ्याचं सगळंच मान्य करावं, इतकं प्रेमही नाही. सूर्यनारायणालाही हे ठाऊक असावं. तो आधी अमरावतीच्या माथ्यावर येतो आणि तीन मिनिटांनी अकोल्याच्या.

पूर्वी हे चालून जाई. गावचा सूर्य गावापुरता! पण मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला आणि पंचाईत झाली. प्रत्येक स्टेशनानं आपापला सूर्य बघून गाडी सोडायची म्हटलं, तर समोरासमोरच्या दोन गाड्यांची गळाभेटच व्हायची! म्हणून १८७० पासून रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. अकोल्याच्या सूर्यापेक्षा ती १३ मिनिटं पुढे. सूर्य बघून घरून निघालेल्या माणसाला गाडीचा धूर तेवढा दिसायचा.

मुंबईकर हट्टी. शहराची वेळ रेल्वेच्या अर्धा तास मागे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली. दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ ला ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ कित्येक दशकं सोडली नाही. हा नुसता हेकटपणा नव्हता. गिरणीतल्या माणसानं पहाटे कुणाच्या घड्याळानं उठायचं, असा तो सवाल होता.

मिटलं एकदाचं, असं म्हणेपर्यंत कॉम्प्युटर आले. युनिक्सचं घराणं १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. विंडोज १६०१ पासून मोजते, म्हणजे शिवराय जन्मायच्याही आधीपासून. आणि तेही एका सेकंदाचे कोटी तुकडे करून! एक्सेलचा पहिला दिवस १९०० सालचा, वर त्या साली कधी न उगवलेली २९ फेब्रुवारीही ते जमेस धरतं. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, प्रत्येकाचा ओपनिंग बॅलन्सच वेगळा. मग बेरीज जुळणार कशी?

एका शाखेत जुनी खाती नव्या मशीनवर चढवताना एका आबाजींची जन्मतारीख कोरी राहिली. मशीनच्या लेखी कोरं म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच! ज्येष्ठ नागरिकाचं जादा व्याज बंद. आबाजी काउंटरवर हजर.

"काऊन हो सायेब, माहा पोरगा एकाहत्तरचा, अन् मी सत्तरचा? बाप्पा, हे मशीन हाय का काय हाय!"

त्यांच्या दाखल्यावर तारीख होती १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. त्यांच्या पिढीतल्या कितीकांचा जन्म त्याच दिवशीचा! तीही खरी नव्हेच. पण गुरुजींनी निदान समोरचं पोर बघून साल टाकलं होतं.

उपाय तसा रेल्वेचाच. आत सगळ्यांनी एकच वेळ ठेवावी, ग्रिनिचची; गावची वेळ फक्त गिऱ्हाइकाला दाखवताना लावावी. आकडा पाठवताना तो कुठल्या दिवसापासून आणि कुठल्या मापानं मोजला, तेही सोबत लिहावं. आणि कोरं ते कोरंच ठेवावं. शून्याला तारीख समजायला मशीनचं काय जातं? व्याज आबाजींचं जातं.