पेशव्यांच्या खुनाचा फार्स

१७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. पुढच्या शतकातल्या मराठी नाटक मंडळ्या या प्रसंगाचा खेळ लावत आणि त्याला चक्क ‘फार्स’ म्हणत. अफझलखानाच्या मृत्यूचाही फार्स असे. आज हे वाचून हसू येते, पण त्या मंडळींचे काही चुकले नव्हते.

फार्स आला लंडनहून. तिथे मुख्य नाटक संपले की शेवटी एक छोटा हसरा खेळ होई. तिसरा अंक उलटल्यावर तिकीट निम्म्या दरात मिळे, त्यामुळे उशिरा येणाऱ्याच्या पदरात निदान तेवढा तरी पडे. जेम्स केनीचा ‘रेझिंग द विंड’ (१८०३) यातला नामांकित. जेरेमी डिडलर नावाचा गोडबोल्या भेटेल त्याच्याकडून किरकोळ रक्कम उसनी घेतो आणि परत करायचे नाव काढत नाही. पात्रे मोजकी, पडदे मोजके. वसाहतींतल्या हौशी गोऱ्या नटांना असले खेळ सोयीचे. कलकत्त्यात तर लेबेदेव या रशियन गृहस्थाने १७९५ सालीच ‘द डिसगाइज’ हे इंग्रजी नाटक बंगालीत उभे केले होते.

मुंबईत ग्रँट रोडचे नाटकघर १८४६ साली उघडले. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळीने रुस्तम-सोहराबाचे नाटक केले, मागे फार्स जोडून. १८५६ साली अमरचंदवाडीकर मंडळीने मराठी फार्स आणला.

तोवरचे मराठी नाटक म्हणजे सूत्रधाराने पदे म्हणायची, पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे आणि राक्षसांनी ‘अलल्लडुर्र’ करत, तलवारी परजत रंगभूमी दणाणून सोडायची. फार्समधली माणसे मात्र घरातल्यासारखी बोलत. मंडळ्यांनी उचलले ते हे बोलणे, असे मला वाटते. हसवायला विदूषक होताच, तमाशात सोंगाड्या होता. त्यासाठी साहेबाकडे कशाला जायचे? मग देवादिकांचा नसलेला, गद्यात चालणारा खेळ तो फार्स, त्यात पेशव्यांचा जीव जावो की राहो.

१८६१ साली वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे गद्य नाटक आले, तेव्हा रंगमंचावर गद्य ऐकायची सवय लागू लागली होती. फार्स मुख्य नाटकाच्या जागी येऊन बसायला मात्र वेळ लागला. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ने ती जागा पक्की केली, तोवर अमरचंदवाडीकरांच्या खेळाला सुमारे शंभर वर्षे झाली होती.