रिकाम्या खुर्चीचे उमेदवार

वटवाघळाचा वेष करून रात्री गॉथम नगरीत हिंडणारा बॅटमॅन १९३९ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या एका मासिकात अवतरला. त्याची हकीगत आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे, तेव्हा ती सांगत बसत नाही. आईबाप डोळ्यांदेखत मारले गेले, मुलगा गडगंज श्रीमंत, गुन्हेगारांचा पाठलाग करायचा पण जीव घ्यायचा नाही, संपले. ऐंशीहून अधिक वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. म्हणूनच पुढचा चित्रपट निघणार म्हटले की नायकाचे काय होणार याची चिंता कोणी करीत नाही. तो तरणार हे तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक असते. मोकळी असते ती त्याच्या समोरची खुर्ची. तीवर या खेपेस कोण बसणार, आणि ते सोंग कोण आणणार, या दोन प्रश्नांवर लोक वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. त्यांचे अंदाज बहुधा चुकले आहेत, आणि ते ज्या रीतीने चुकले ती रीत पाहण्याजोगी आहे.

या खुर्चीचा मानकरी जोकर. तो १९४० साली जन्मला. त्याला कोणी जन्म दिला यावर बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांच्या कैफियतींचा मेळ कधी बसला नाही. पत्त्यांतला जोकर रॉबिन्सनने आणला म्हणतात; आणि फिंगरने दाखविले ते कॉनराड फाइटचे छायाचित्र. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवर १९२८ साली निघालेल्या मूकपटात फाइटने कायम हसऱ्या चेहऱ्याचा अभागी माणूस रंगविला होता. म्हणजे ह्यूगोचा तो दुःखी, सज्जन नायक अमेरिकेत येऊन खुनी झाला! परंतु मौज पुढेच आहे. पहिल्याच अंकात जोकरला मारून टाकण्याचे ठरले होते. संपादक व्हिटनी एल्सवर्थ याने ते पाहिले आणि अखेरीस एक चौकट वाढवून घेतली: हा माणूस अजून जिवंत आहे. क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्यांना संपादकांचा हा स्वभाव चांगला परिचयाचा असतो. त्या एका चौकटीवर पुढची आठ दशके उभी आहेत.

१९८८ साली टिम बर्टनने बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटनला निवडले, तेव्हा गहजब झाला. कीटन विनोदी नट. वॉर्नर कंपनीकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रे आल्याचे सांगतात. जोकरच्या भूमिकेतील जॅक निकल्सनबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती. तो जणू जन्मतःच जोकर होता. चित्रपट १९८९ मध्ये लागला, ४० कोटी डॉलरांहून अधिक मिळवून गेला, आणि कीटनचे शत्रू त्याचे भक्त झाले.

याच चित्रपटात हार्वे डेंट या सरकारी वकिलाचे छोटे काम बिली डी विल्यम्सने केले होते. हा डेंट पुढे अर्धा चेहरा जळून 'टू-फेस' नावाचा खलनायक होतो, हे वाचकांना १९४२ पासून माहीत. विल्यम्सलाही माहीत होते. पुढेमागे ते मोठे काम आपल्याकडे येईल या आशेवरच त्याने हे लहान काम पत्करले. १९९५ साली टू-फेस पडद्यावर आला तेव्हा त्या वेषात टॉमी ली जोन्स होता. विल्यम्सला टू-फेस मिळाला तो २०१७ साली, मुलांच्या लेगो खेळण्यांवरच्या एका विनोदी चित्रपटात, आणि तोही नुसता आवाजापुरता. कॅटवुमनचे काम मिळावे म्हणून १९९१ साली शॉन यंग ही नटी स्वतःच मांजरीचा वेष करून वॉर्नरच्या आवारात बर्टनला शोधत गेली होती. त्यावर लोक फार हसले. मला तर अठ्ठावीस वर्षे मुकाट्याने थांबणाऱ्या विल्यम्सपेक्षा तिचा मार्ग अधिक सरळ वाटतो.

आता हीथ लेजर. २००५ सालच्या 'बॅटमॅन बिगिन्स'च्या अखेरच्या प्रसंगात पोलीस अधिकारी गॉर्डन नायकाच्या हाती जोकरचे पान ठेवतो, आणि पडदा पडतो. खलनायक कळला होता. नट कळायचा होता. जुलै २००६ मध्ये ख्रिस्तोफर नोलनने लेजरचे नाव जाहीर केले. दोन गुराख्यांच्या प्रेमाची कथा असलेल्या 'ब्रोकबॅक माउंटन'मधला हा देखणा, अबोल तरुण! कीटनच्या वेळचा सगळा आरडाओरडा पुन्हा झाला. विरोध करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. ते लेजरच्या चेहऱ्यात निकल्सन शोधत होते, आणि नोलनला निकल्सन नकोच होता. जुन्या सोंगाच्या मापाने नवा नट मोजला की तो नेहमी आखूडच भरायचा.

२२ जानेवारी २००८ रोजी लेजर वारला. वय अवघे २८. त्याचे काम पुरे झाले होते. चित्रपट जुलैमध्ये लागला, १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेला, आणि पुढील फेब्रुवारीत त्याचे ऑस्कर त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने स्वीकारले. चित्रपटाच्या शेवटी जोकर दोरीला उलटा लोंबकळत हसत राहतो, मरत नाही. १९४० ची ती चौकट इथेही होती. फक्त या वेळी पात्र जिवंत राहिले आणि माणूस गेला.

यानंतरची अडीच वर्षे मला सर्वांत विलक्षण वाटतात. नोलनला तिसरा चित्रपट करावा की नाही याचीच खात्री नव्हती, तोवर बाहेर याद्या तयार झाल्या. रिडलर येणार, पेंग्विन येणार. मायकेल केन हा वयोवृद्ध नट टोरांटोच्या महोत्सवात सांगून मोकळा झाला की जॉनी डेप रिडलर आणि फिलिप सिमोर हॉफमन पेंग्विन. वृत्तपत्रांनी एडी मर्फीचे नाव घेतले. कॅटवुमनसाठी अँजेलिना जोली झाली, गायिका चेरसुद्धा झाली. पटकथेत हात असलेल्या डेव्हिड गॉयरने पुढे सांगितले, की चित्रपटाच्या पहिल्या खेळालाच कंपनीचा एक वरिष्ठ रिडलरसाठी लिओनार्डो डिकॅप्रिओचे नाव सुचवून गेला. मालकही गर्दीतच उभे!

या घाईचा काहींना राग आला. मला येत नाही. लोक जोकरच्या तोलाचा माणूस शोधत होते, कारण ती जागा मोकळी पाहवत नव्हती. परंतु सगळ्यांनी शोधला तो आणखी एक बोलका, कोडी घालणारा, डोक्याने चालणारा शत्रू. नोलनने ऑक्टोबर २०१० मध्ये रिडलर नाही एवढेच सांगितले. जानेवारी २०११ मध्ये नावे फुटली: बेनच्या भूमिकेत टॉम हार्डी, आणि सेलिना काइल म्हणून अ‍ॅन हॅथवे. बेन हा १९९३ साली निर्माण झालेला, बॅटमॅनची पाठ मोडणारा मल्ल. १९९७ च्या चित्रपटात त्याला घुमणारा गडी करून टाकल्यामुळे त्याची गंभीरपणे वाट पाहणारे थोडेच होते. नोलनचा हिशेब वेगळा होता. मनाने हरवून झाले होते, आता शरीराने हरवणारा हवा. हार्डीचे तोंड मुखवट्याने झाकलेले, बोलणे समजत नाही अशी ओरड प्रदर्शनापूर्वीच झाली. आणि २०१२ च्या त्या चित्रपटात जोकरचा उल्लेख एकदाही नाही. लेजरच्या आठवणीखातर नोलनने ते ठरविले होते. कथेच्या दृष्टीने हे खोटे वाटते. सारे गाव जाळणाऱ्याचे नाव गावात कोणीच कसे काढीत नाही? पण मला ते मौन पटते.

२०२२ साली मॅट रीव्ह्जने नव्याने बॅटमॅन काढला. त्यात रिडलर आला, पेंग्विन आला. २००८ च्या याद्यांतली दोन्ही नावे. रिडलर झाला पॉल डॅनो, आणि पेंग्विनच्या रंगलेपाखाली कॉलिन फॅरेल ओळखूही येत नव्हता. अखेरीस कोठडीत रिडलर रडत बसलेला असताना शेजारच्या कोठडीतून कोणी त्याच्याशी बोलतो, आणि हसतो. चेहरा धड दिसत नाही. ते काम बॅरी केओगनचे. नामावलीत त्याला 'न दिसलेला कैदी' म्हटले आहे. दुसऱ्या दिवसापासून लोक पुन्हा याद्या करू लागले.