तो नसेल तर? : पर्यायी वारसाच्या कायद्याची ओळख

सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस पडतो आणि फेरफाराने वारसांची नावे चढतात. गावोगावी रोज घडणाऱ्या या गोष्टीमागे कायद्यातला फार जुना प्रश्न आहे. रिकाम्या झालेल्या जागी कोण येणार आणि येताना कोणते हक्क घेऊन येणार? या विचाराला प्रतिस्थापन म्हणतात. शब्द जड असला तरी प्रश्न घरातलाच आहे : तो नसेल तर कोण? त्या प्रश्नाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत.

सुरुवात रोमपासून करावी. तिथे मृत्युपत्राचा प्राण म्हणजे वारसाची नेमणूक. नेमलेला एकमेव वारस आधीच वारला किंवा त्याने वारसा नाकारला, तर सगळे मृत्युपत्र कोसळे. म्हणून अमुक वारस न झाल्यास तमुक, अशी पुढची ओळ लिहून ठेवत. बाप आपल्या अज्ञान मुलासाठीही पर्यायी वारस नेमू शके. मुलगा वयात येण्याआधी गेला, तर मालमत्ता त्या पर्यायी वारसाकडे जाई. पण मुलाच्या मरणाने ज्याचा फायदा, त्याच्यापासूनच मुलाला जपायला हवे. दुसऱ्या शतकातला विधिज्ञ गायस त्यावर उपाय सांगतो : ते नाव शेवटच्या पाट्यांवर लिहावे, त्या वेगळ्या दोऱ्याने बांधून मेणाने बंद कराव्यात आणि मुलगा हयात व अज्ञान असेतो त्या उघडू नयेत, असे वरच्या भागात बजावावे. नियमामागची बापाची काळजी त्या मेणात दिसते.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आरंभीचा क्युरियसचा खटलाही असाच मनात राहतो. मृत्युपत्र करणाऱ्याने होणाऱ्या मुलाला वारस नेमले होते आणि तो लहानपणी वारला तर क्युरियसला. मूल जन्मलेच नाही. विरुद्ध पक्षाचा वकील स्केव्होला शब्दावर अडून राहिला. क्युरियसचा वकील क्रॅसस याने मृत्युपत्र करणाऱ्याचा हेतू पुढे केला. क्युरियस जिंकला. शब्द की हेतू, हा वाद मृत्युपत्रांच्या खटल्यांत आजही चालतो. हीच रोमन परंपरा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेबरोबर गोव्यात आली.

आपल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६मध्ये मृत्युपत्र नसतानाही प्रतिस्थापनाचे तत्त्व काम करते. वडील वारले, मागे एक मुलगा, एक मुलगी आणि आधीच गेलेल्या मुलाची विधवा व दोन मुले, एवढेच वारस आहेत. वाटण्या तीन होतात. गेलेल्या मुलाच्या शाखेला एक तृतीयांश मिळतो आणि त्यातून तिघांना प्रत्येकी एक नवमांश. माणूस गेला तरी त्याच्या शाखेची जागा राहिली. पारंपरिक मुस्लीम कायद्यात मात्र हयात मुलगा असताना आधी गेलेल्या मुलाची मुले वारस होत नाहीत. एकाच दुःखाला दोन कायदे दोन उत्तरे देतात, म्हणून हा विषय तुलनेनेच शिकावा.

न्यायालयातही हाच प्रश्न येतो. पक्षकार वारला की नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. नाहीतर त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. पण प्रत्येक जागा भरता येत नाही. वादी वारल्यावर अब्रूनुकसानीचा दावा वारसांना पुढे चालवता येत नाही, कारण तो हक्क त्या माणसाबरोबरच संपतो. कोणती जागा वारसाला मिळते आणि कोणती मिळत नाही, हे ओळखणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

वाचकाला शेवटी एक विनंती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५नुसार मृत्युपत्रात ज्याला दिले तो आधी वारला, तर ती देणगी सहसा व्यपगत होते. स्वतःच्या मुला-नातवंडांना दिलेल्या देणगीला अपवाद आहे, तोही त्यांची संतती मागे असेल तरच. भाऊ, भाची, जिवलग मित्र यांना हे संरक्षण नाही. म्हणून मृत्युपत्र कराल तेव्हा प्रत्येक नावाखाली आणखी एक ओळ जरूर लिहा : हा माझ्याआधी गेला, तर कोणाला.