ऋणकोच्या दारी

दहिसरला हद्दींची सवय फार जुनी आहे. साष्टी बेटाच्या उत्तर भागातील हे गाव चिमाजीअप्पांच्या 1737-39 च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले, 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडल्यावर इंग्रजांच्या अमलाखाली गेले, आणि पुढे दीर्घकाळ ठाणे जिल्ह्यात राहून 1957 साली बृहन्मुंबईत दाखल झाले. हद्द सरकली की सारा भरण्याची कचेरी बदलते, हे सर्वांच्याच ध्यानात येते. परंतु थकलेल्या बिलाची फिर्याद कोठे गुदरावयाची, तेही तिच्याबरोबर बदलते, आणि ज्याचा पैसा अडकला त्या दुकानदाराला किंवा कारागिराला या प्रश्नाचे महत्त्व उधारीच्या वहीइतकेच असते.

पेशवाईत या प्रश्नाला एक उत्तर होते: ऋणकोचे दार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात ‘तगादा’ या रीतीचे तपशीलवार वर्णन आहे. साध्या मागणीपासून तिचा आरंभ होई. मग दारावर पहारा, अन्नास प्रतिबंध, आणि अखेरीस डोक्यावर जड धोंडा देऊन उन्हात उभे करणे, इथपर्यंत तिची मजल जाई. धनको स्वतः उपाशी दारात बसला, की ऋणकोलाही अन्न घेणे लज्जास्पद वाटे. पगार तुंबलेले शिपाई आपल्या सरदारापुढेही असेच धरणे धरीत. या रीतीत क्रौर्य होते, हे मी नाकारत नाही. पण देणेकऱ्याला येणेकऱ्याचे तोंड रोज पाहावे लागे, ही तिच्यातील एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. 1860 च्या दंडसंहितेने, दैवी कोपाची भीती घालण्यासाठी दारात धरणे धरणे हे 508 व्या कलमात गुन्ह्याचा दाखला म्हणूनच नोंदले.

त्यानंतर 1872 चा करार कायदा आला, नुकसानभरपाईचे नियम ठरले. तरीही ते जुने दार कायद्यातून अगदी नाहीसे झाले नाही, कारण प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण जेथे पूर्णतः वा अंशतः घडले तेथे, दिवाणी दावा लावता येतो. कारण घडले कोठे, हे मात्र दारासारखे बोटाने दाखवता येत नाही.

खामगावच्या पेंडीचा कज्जा याचे उत्तम उदाहरण आहे. वऱ्हाडातील या जुन्या कापूसपेठेतील एका जिनिंग कारखान्याने व तेलगिरणीने सरकीची पेंड पुरविण्याचे 22 जुलै 1959 रोजी टेलिफोनवर कबूल केले, आणि शब्द पाळला नाही, अशी अहमदाबादच्या पेढीची तक्रार होती. मागणी 31,150 रुपयांची होती. पेढीने अहमदाबादेस दावा लावला. प्रतिवादीचे म्हणणे असे, की होकार खामगावात उच्चारला गेला, तेव्हा करार खामगावचा. विशेष हे, की सौदा झाला तेव्हा दोन्ही गावे एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होती, आणि दहाच महिन्यांत त्यांच्यामध्ये दोन राज्यांची सीमा आली.

1872 च्या कायद्याला टेलिफोन ठाऊक नव्हता. त्याचे पेटंटच 1876 चे. होकाराचे पत्र स्वीकारणाराच्या हातून निघून टपालात पडले की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो, या नियमात तारेवरचा आवाज कसा बसवावयाचा? 30 ऑगस्ट 1965 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. वांच्छू आणि न्या. शाह यांनी ठरविले, की होकार जेथे ऐकू आला तेथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेस. न्या. हिदायतुल्ला यांनी कायद्याच्या शब्दांशी निष्ठा राखून भिन्न मत दिले. मला त्यांचा युक्तिवाद अधिक काटेकोर वाटतो, परंतु ज्याच्या कानी शब्द पडला त्याच्या गावी न्याय मिळावा, ही बहुमताची दृष्टी व्यापाऱ्याच्या अनुभवाशी अधिक जुळणारी आहे.

सौद्याला तोवर सहा वर्षे उलटली होती. अखेरच्या पायरीपर्यंत जाऊन निश्चित झाले ते इतकेच, की दावा अहमदाबादेस चालेल. पेंडीचा शब्द मोडला की नाही, हे त्यानंतर तपासावयाचे होते.