लोहाचलाच्या कुशीतील घराणे : सोंडूरचे घोरपडे

सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा प्रथम मी नम्रपणे नकारच दिला. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्य कापडाच्या गाद्यांवर गेलेले; लेखणी चालली ती खतावणीत. परंतु यात्रेत पाहिलेल्या एका गावाची आणि तेथील एका घराण्याची कथा मनात अनेक वर्षे घर करून होती. आपला जिल्हा सिंदखेडराजाचा, जिजाऊंच्या माहेरचा. मराठा घराण्यांच्या इतिहासाविषयी येथील वाचकांस स्वाभाविक आस्था आहे, या विश्वासाने ती येथे सादर करीत आहे.

सन 2006 मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. परतीच्या वाटेवर आमच्या संघाची बस हंपीस थांबली. विजयनगरच्या राजा हरिहर दुसरा याचा मंत्री इरुगप्प याने 1385 मध्ये बांधविलेले कुंथुनाथ भगवंतांचे मंदिर तेथे आहे. त्यास गाणगित्ती मंदिर म्हणतात. दर्शन आटोपून होस्पेटच्या रस्त्याला लागलो आणि समोरून लाल मातीने माखलेल्या ट्रकांची रांग सुरू झाली. ती संपेचना. झाडे लाल, घरांची छपरे लाल, रस्त्याकडेच्या टपरीवरील बरण्याही लाल. मुक्कामी पोहोचल्यावर श्राविकांच्या पांढऱ्या साड्या धुतल्या, त्या पुन्हा पांढऱ्या झाल्याच नाहीत. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे मला बोटाने कळते. हा रंग पक्का होता.

चौकशी करता कळले की, ही माती नसून लोहखनिज आहे, आणि ते येते सोंडूरच्या डोंगरातून. कानडीत गावाचे नाव संडूर. आपल्या जुन्या मराठी लेखनात सोंडूर. तेथे घोरपड्यांचे संस्थान होते, हे ऐकून माझे कुतूहल जागे झाले.

संताजी घोरपडे आणि त्यांचे बंधू बहिर्जी व मालोजी यांनी 1689 मध्ये औरंगजेबाच्या छावणीत शिरून बादशाही तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. याच बहिर्जींच्या शाखेतील सिधोजी घोरपडे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बेडर पाळेगाराकडून सोंडूरचे खोरे जिंकून घेतले. हे खोरे म्हणजे निसर्गानेच बांधलेला किल्ला. चहूकडे डोंगर आणि आत शिरण्यास मोजक्या खिंडी. नारीहळ्ळ नावाची नदी ज्या दोन घळींतून हा डोंगर भेदते, त्यांस ओबळगंडी व भीमगंडी म्हणतात.

सिधोजींचे पुत्र मुरारराव यांचा आपल्या वऱ्हाडाशीही संबंध आला. रघुजी भोसल्यांनी 1741 मध्ये त्रिचनापल्ली जिंकली, तेव्हा तिचा कारभार मुराररावांच्या हाती सोपविला होता. पुढे 1751 मध्ये अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीस निघालेले मुरारराव ते हेच. मात्र 1776 मध्ये हैदरअलीने त्यांच्या गुत्तीच्या किल्ल्यास वेढा घातला. तलवारीने न हरलेला हा सरदार गडावरील पाणी संपल्याने हरला आणि कब्बलदुर्गच्या कैदेत मृत्यू पावला. सोंडूरही हैदरकडे गेले. घराण्याने ते 1790 च्या सुमारास परत मिळविले.

यानंतरचा एक प्रसंग आपणा यात्रेकरूंनी ध्यानी घ्यावा असा आहे. सोंडूरच्या डोंगरावर कार्तिकस्वामींचे प्राचीन मंदिर आहे. सन 1815 मध्ये दुसरे बाजीराव पेशवे त्याच्या दर्शनाचे निमित्त करून फौजेसह निघाले. संस्थान खालसा करण्याचा त्यांचा हेतू होता. त्या वेळचे संस्थानिक शिवराव यांनी तो ओळखला व खिंडी अडवून फौज आत येऊ दिली नाही. यात्रेला तोफखाना लागत नाही, एवढे त्यांना कळत होते! पुढे पेशव्यांच्या मागणीवरून 1817 मध्ये इंग्रज अधिकारी मन्रो याने सोंडूर ताब्यात घेतले, परंतु 1818 मध्ये पेशवाईच बुडाली आणि शिवरावांचे संस्थान त्यांना परत मिळाले.

या डोंगरास पुराणकथेत लोहाचल म्हटले आहे. कार्तिकेयाने तारकासुराचा वध येथेच केला, अशी श्रद्धा आहे. पुराणकारांना जे ठाऊक होते, ते एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भतज्ज्ञाने शास्त्रीय पाहणी करून नोंदविले. लोखंडाच्या जोडीला मँगनीज सापडले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका परदेशी कंपनीने पट्ट्याने खाणकाम सुरू केले. खेड्यांच्या महसुलावर चालणाऱ्या चिमुकल्या संस्थानास डोंगराचे भाडे मिळू लागले.

यशवंतराव हिंदुराव घोरपडे 1928 मध्ये गादीवर आले. त्यांनी 1932 मध्ये कार्तिकस्वामींचे मंदिर हरिजनांसाठी खुले केले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्या वेळी चालूच होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. गांधीजींनी त्याची वाखाणणी केली व 1934 मध्ये ते स्वतः सोंडूरला आले.

संस्थान 1 एप्रिल 1949 रोजी मद्रास प्रांतात विलीन झाले आणि 1953 मध्ये बेल्लारीबरोबर म्हैसूर राज्यात गेले. विलीनीकरणानंतर अनेक संस्थानिकांनी वाडे विकले, मोटारी विकल्या, काही तनख्यावर बसून राहिले. यशवंतरावांनी 1954 मध्ये सोंडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी स्थापन केली. ज्या डोंगराचे ते राजे होते, त्याचेच ते पट्टेदार झाले. मुकुट उतरवून खतावणी हाती घेणारा हा राजा मला, एक व्यापारी म्हणून, विशेष भावतो. त्यांचे पुत्र मुरारराव, म्हणजे एम. वाय. घोरपडे, केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकले, सोंडूरचे आमदार झाले आणि 1972 ते 1977 या काळात कर्नाटकचे अर्थमंत्री होते. वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांची ख्याती होती.

येथे हिशेबनीस म्हणून एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. शेतातील ज्वारी हे उत्पन्न आहे; पुढल्या वर्षी ती पुन्हा येते. खाणीतून काढलेला दगड पुन्हा उगवत नाही. ते भांडवलच आहे. आपल्या ट्रस्टच्या भाषेत तो ध्रुवफंड आहे. त्यातून काढलेली रक्कम जमेच्या बाजूस उत्पन्न म्हणून दाखविली, तर तपासनीस सही करणार नाही. खाणधंद्यात मात्र ती तशीच दाखविली जाते. घोरपडे घराणेही या दोषातून पूर्णपणे मुक्त आहे, असे मी म्हणणार नाही. फरक इतकाच की, त्यांना त्याच खोऱ्यात राहावयाचे होते.

आम्ही 2006 मध्ये पाहिले ते ट्रक ज्या काळातील, तेव्हा चीनची मागणी प्रचंड वाढली होती व खनिजाचे भाव कडाडले होते. रातोरात खाणमालक झालेले लोक बेल्लारीत दिसू लागले. बेकायदा उत्खननावर कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा अंतिम अहवाल जुलै 2011 मध्ये आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बेल्लारीतील खाणकाम थांबविले. पुढे न्यायालयाने खाणींची अ, ब आणि क अशी वर्गवारी करून, गंभीर गैरप्रकार आढळलेल्या क वर्गातील पट्टे 2013 मध्ये रद्द केले. एम. वाय. घोरपडे यांचे निधन ऑक्टोबर 2011 मध्ये झाले. त्या वेळी आजूबाजूच्या डोंगरांतील यंत्रे बंद होती.

सन 2018 च्या महामस्तकाभिषेकाहून परतताना मी मुद्दाम सोंडूरला गेलो. डोंगर हिरवे होते, कापलेले कडे तेवढे उघडे. या वेळी मला पाहावयाचे होते ते सोंडूर कुशल कला केंद्र. घोरपडे परिवाराच्या पुढाकाराने 1980 च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रात लंबाणी, म्हणजे आपल्याकडील बंजारा भगिनी, भरतकाम करतात. या भरतकामास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जुलै 2023 मध्ये हंपी येथे जी-20 च्या सांस्कृतिक गटाची बैठक झाली, तेव्हा केंद्रातील साडेचारशेहून अधिक भगिनींनी तयार केलेल्या 1,755 नगांच्या प्रदर्शनाची गिनेस बुकात नोंद झाली.

तेथून एक पिशवी आणली होती. दुकानात गल्ल्यामागे टांगलेली असते. मेहकरकडच्या एका तांड्यावरील वृद्ध बंजारा बाई लग्नाच्या खरेदीला आल्या असता त्यांनी ती खाली काढावयास लावली. उलटी करून आतील टाके पाहिले, आरसे बोटाने मोजले आणि विचारले, "शेठजी, हे आमचं काम तुमच्याकडे कुठून आलं?" मी सोंडूरचे नाव सांगितले. ते गाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी विचारले, असे आरसे तुमच्याकडे मिळतात का? नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मागविले.